अमेरिकन लष्करी अळीचा पतंग : त्याची ओळख व त्याचा मुलूख

जमिनीच्या दप्तरांत एखाद्या शेताची नोंद पाहावयाची झाल्यास प्रथम दोन गोष्टी विचारल्या जातात : तें शेत नेमकें कोणतें, आणि त्याच्या चतुःसीमा कोणत्या. ह्या दोन गोष्टी नक्की झाल्याखेरीज सारा, वाटणी, विक्री वगैरे पुढचा कोणताही व्यवहार सुरळीत पार पडत नाहीं. पिकावर येणाऱ्या किडीची गोष्ट अशीच आहे. कीड कोणती हें नक्की कळलें नाहीं, आणि ती कोठून येते, कोठवर पसरते व कोणत्या ऋतूंत कोठें टिकून राहते हें ठाऊक नसलें, तर औषधापायीं केलेला खर्च म्हणजे अंधारांत दगड मारणें होय. लागला तर लागला, नाहीं तर पैसाही गेला आणि पीकही गेलें.

आपल्याकडे मक्याचा पेरा करणाऱ्या बहुतेकांस २०१८ सालापासून ‘अमेरिकन लष्करी अळी’ हें नांव ठाऊक झालें आहे. परंतु नांव ठाऊक असणें आणि ओळख असणें ह्यांत पुष्कळ अंतर आहे. ‘लष्करी अळी’ हें नांव आपल्या बोलण्यांत एकाच किडीस लावलेलें नाहीं. ज्वारी-बाजरीवर टोळधाडीप्रमाणें पडणारी जुनी देशी अळी, सोयाबीन-भुईमूग-तंबाखू यांवरील पानें खाणारी अळी, व ही अमेरिकेंतून आलेली अळी, ह्या तिन्हींस लोक सरसहा ‘लष्करी’ म्हणतात. दुकानांत जाऊन ‘लष्करी अळीचें औषध द्या’ असें म्हटलें म्हणजे दुकानदारानें कोणतें द्यावें ? तिघींच्या राहण्याच्या जागा, खाण्याच्या वेळा व मरण्याचे उपाय निरनिराळे आहेत. म्हणून ह्या किडीचा पतंग मूळच्या अमेरिकेंत कसा ओळखला जातो व त्याचा मुलूख कोठून कोठवर आहे, ह्याची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

नांवाची हकीकत

ह्या पतंगाचें शास्त्रीय नांव ‘स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा’ असें आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं जॉर्जिया संस्थानांत जॉन अ‍ॅबट नांवाचा एक इंग्रज चित्रकार राहत असे. तो लंडनचा, १७७३ सालीं तो अमेरिकेंत गेला व पुढें जॉर्जियांत स्थायिक होऊन तेथील फुलपाखरें, पतंग, त्यांच्या अळ्या व त्या ज्या झाडांवर वाढतात तीं झाडें ह्यांचीं चित्रें त्यानें आयुष्यभर काढलीं. त्याच्या चित्रांवरून लंडन येथील लिनीयन सोसायटीचे संस्थापक जेम्स एडवर्ड स्मिथ ह्यांनीं १७९७ सालीं दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतच ह्या पतंगास प्रथम शास्त्रीय नांव मिळालें. ‘फ्रुजिपर्डा’ ह्या लॅटिन शब्दाचा भावार्थ ‘फळाचा नाश करणारी’ असा आहे, आणि ‘स्पोडोप्टेरा’ हा ग्रीक शब्द ‘राखेच्या रंगाचे पंख’ अशा अर्थाचा आहे. म्हणजे त्याचा रंग व त्याचा धंदा हीं दोन्हीं नांवांतच सांगितलेलीं आहेत.

इंग्रजींत ह्या किडीस ‘फॉल आर्मीवर्म’ म्हणतात. येथें ‘फॉल’ म्हणजे पडणें नव्हे. अमेरिकेंत पानगळीच्या ऋतूस, म्हणजे आपल्या शरद ऋतूच्या सुमारास येणाऱ्या काळास, ‘फॉल’ असें नांव आहे. उत्तरेकडील संस्थानांत ही कीड उन्हाळा सरतांना व शरदाच्या तोंडीं येऊन पोंचते, म्हणून तिला शरदांतील लष्करी अळी असें नांव पडलें. तिच्या मुलुखाचें सारें रहस्य ह्या एका शब्दांत सांठविलेलें आहे, तें पुढें दिसून येईल.

पतंग कसा ओळखावा

पतंग पंख पसरून ठेवला असतां एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३२ ते ४० मिलिमीटर, म्हणजे सुमारें सव्वा ते दीड इंच भरतो. नर व मादी ह्यांच्या पुढच्या पंखांत फरक असतो. नराचा पुढचा पंख राखाडी व तपकिरी अशा मिश्र छटांचा असून त्यावर दोन खुणा ठळक असतात. पंखाच्या टोकाशीं एक पांढरट त्रिकोणी डाग, आणि पंखाच्या मध्यभागाजवळ तसाच दुसरा फिकट डाग. मादीच्या पंखावर ह्या खुणा स्पष्ट नसतात. तिचा पंख सारखा करडा-तपकिरी किंवा बारीक ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. मागचे पंख मात्र दोघांचेही सारखे, म्हणजे रुपेरी पांढरे व झळाळीचे असून त्यांच्या कडेला काळसर अरुंद किनार असते.

ह्यावरून व्यवहारांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी निघते. मादी पाहून ओळख पटविणें कठीण. अमेरिकेंतील कीटकशास्त्रज्ञ सुद्धां मादीबद्दल संशय असल्यास तिचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनच निर्णय देतात. परंतु कामगंध सापळ्यांत मादीच्या गंधाचें आमिष असल्यामुळें तेथें नरच येतात, आणि नर हा तर खुणांनीं ओळखतां येतो. म्हणून ज्याला सूक्ष्मदर्शक नाहीं अशा शेतकऱ्यास सापळा हेंच ओळखीचें सोपें साधन आहे. तरी सापळ्यांत सांपडलेला प्रत्येक पतंग हाच, असें धरून चालूं नये. उत्तर अमेरिकेंत ह्याच गंधाच्या सापळ्यांत ‘ल्यूकॅनिया’ नांवाच्या दुसऱ्या गणांतील फिकट पिंवळसर पतंगही येऊन पडतात. ते मोजणींत धरले म्हणजे आंकडा उगाच फुगतो आणि फवारणीची घाई होते. सापळ्यांतील पतंग पांढऱ्या कागदावर घेऊन त्याचे पुढचे पंख अलगद बाजूस सारावे, टोकाचा पांढरा त्रिकोण व मागचा रुपेरी पंख दोन्ही पाहावे, आणि मगच नोंद करावी. फार दिवस पडून राहिलेल्या पतंगाच्या पंखांवरील खवले झडून खुणा पुसल्या जातात, म्हणून सापळा निदान आठवड्यांतून एकदां तपासावा.

अंडीं, अळी व कोष

पतंग रात्रीं हिंडतो. मादी पानांवर शंभर ते दोनशें अंड्यांचा एकेक पुंजका घालते व त्यावर आपल्या अंगावरील करड्या खवल्यांचें पांघरूण घालते. त्यामुळें तो पुंजका बुरशी आल्यासारखा दिसतो. एक मादी आपल्या आयुष्यांत सरासरी दीड हजार अंडीं घालते. उष्ण दिवसांत अंडीं दोन-तीन दिवसांतच फुटतात.

अळी सहा अवस्थांतून जाते. पूर्ण वाढलेली अळी सुमारें ३४ मिलिमीटर लांब असते. तिच्या ओळखीच्या खुणा अशा :

पहिली खूण डोक्यावर. डोक्याच्या पुढच्या बाजूस फिकट रंगाचें, इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटें लिहिल्यासारखें चिन्ह असतें. ज्यास इंग्रजी अक्षरओळख नाहीं त्यानें वरून खालीं येऊन दोन फांट्यांत विभागलेली पायवाट मनांत आणावी.

दुसरी खूण शेपटीकडे. शेवटून दुसऱ्या वलयावर चार काळे उंचवटे चौरसाच्या चार कोपऱ्यांप्रमाणें बसविलेले असतात. ही खूण पहिलीपेक्षां अधिक भरंवशाची आहे. कारण डोक्यावरील फिकट फांटा कांहीं दुसऱ्या अळ्यांतही अंधुक दिसतो, पण हा चौरस दिसत नाहीं. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तरच ओळख पक्की समजावी.

तिसरी खूण हाताची. अळी बारकाईनें पाहिली असतां तिची कातडी खरखरीत दिसते, पण बोटानें चांचपून पाहिल्यास ती खरखरीत लागत नाहीं. अमेरिकेंतील मक्याच्या कणसांत राहणाऱ्या दुसऱ्या एका अळीच्या अंगावर अतिसूक्ष्म कांटे असल्यामुळें ती हातास खरखरीत लागते.

रंगावर मात्र विसंबूं नये. एकाच शेतांत तपकिरी, हिरवी व जवळजवळ काळी अशी तिन्ही रंगांची अळी मिळते. हिरव्या अळीच्या पाठीवरचे उंचवटे काळे नसून फिकट असतात, म्हणून घाईनें पाहणारास ती निराळी कीड वाटते. तसेंच अगदीं कोंवळ्या अळीवर ह्या खुणा उमटलेल्या नसतात. तिच्याबद्दल निर्णय देण्यापूर्वीं चार दिवस वाढूं द्यावी, किंवा त्याच शेतांतील मोठी अळी शोधून पाहावी.

पानांवरील लक्षणेंही बोलकीं आहेत. लहान अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात, त्यामुळें पानांत कागदी खिडक्या पडल्यासारख्या दिसतात. मोठी अळी पोंग्यांत शिरते. पोंग्यांतील गुंडाळलेलें पान ती आरपार खाते व तें पान उलगडल्यावर त्यावर एका ओळींत भोंकें दिसतात. पोंग्यांत लाकडाच्या भुश्यासारखी ओली विष्ठा साचते. ह्या अळ्या एकमेकींस खातात, म्हणून एका पोंग्यांत शेवटीं बहुधा एक किंवा दोनच मोठ्या अळ्या उरतात. अळी आपल्या सर्व आयुष्यांत जेवढें खाते, त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग ती शेवटच्या अवस्थेंत खाते. अर्थात् ज्या दिवशीं शेत उजाड दिसूं लागतें, त्या दिवशीं अळीचें बहुतेक काम उरकलेलें असतें.

वाढ पुरी झाली म्हणजे अळी जमिनींत एक ते तीन इंच खोल शिरून तांबूस-तपकिरी कोष होते. उष्ण दिवसांत आठ-नऊ दिवसांनीं त्यांतून पतंग बाहेर पडतो. अंड्यापासून पतंगापर्यंतचा एक फेरा उन्हाळ्यांत सुमारें महिनाभरांत पुरा होतो. थंडींत त्यासच ऐंशी-नव्वद दिवस लागतात.

सारख्या दिसणाऱ्या किडी

उत्तर अमेरिकेंत शेतकऱ्याची गल्लत बहुधा दोन किडींशीं होते. पहिली, तेथील खरी लष्करी अळी. तिच्या पतंगाच्या पुढच्या पंखावर मधोमध एक लहानसा पांढरा ठिपका असतो, व अळीच्या डोक्यावर जाळीसारख्या तपकिरी रेघा असतात. ओहायोसारख्या उत्तरेकडील संस्थानांत ती वसंतांत व उन्हाळ्याच्या आरंभीं गहूं, गवत व कोंवळा मका ह्यांवर येते. आणि आपली प्रस्तुत अळी उन्हाळ्याच्या अखेरीस येते. म्हणून तेथें केवळ महिना पाहिला तरी निम्मी ओळख पटते. दुसरी, वर सांगितलेली मक्याच्या कणसांतील अळी; ती हाताच्या परीक्षेनें निराळी काढतां येते.

आपल्याकडे गल्लत होण्यासारख्या किडी चार आहेत. जुनी देशी लष्करी अळी ज्वारी, बाजरी, मका, भात ह्यांवर येते. ती बहुधा रात्रीं खाते, दिवसा पोंग्यांत किंवा ढेंकळांखालीं दडते, आणि एक शेत संपल्यावर झुंडीनें दुसऱ्यांत जाते. तिच्याही डोक्यावर जाळीदार रेघा असून शेपटीजवळचा चौरस नसतो. सोयाबीन व भुईमुगावरील पानें खाणाऱ्या अळीच्या पोटाच्या पहिल्याच वलयावर, म्हणजे पुढच्या बाजूस, दोहोंकडे ठळक काळे डाग असतात. हरभऱ्यावरील घाटे अळी मक्याच्या कणसांतही शिरते; ती अमेरिकेंतील कणसांतल्या अळीची सख्खी बहीणच होय. चौथा खोडकिडा. त्याच्यामुळेंही पानांवर ओळीनें भोंकें पडतात, परंतु तीं लहान व गोल असतात आणि पुढें पोंगा सुकून ओढल्यास सहज निघून येतो. अमेरिकन अळीचीं भोंकें मोठीं व वेडींवांकडीं असतात आणि पोंग्यांत विष्ठेचा ढीग असतो. खोडांत शिरलेल्या खोडकिड्यास व पोंग्यांत बसलेल्या अळीस एकच उपाय लागूं पडत नाहीं, हें सांगावयास नकोच.

उत्तर अमेरिकेंतील मुलूख

आतां चतुःसीमांकडे वळूं. ही कीड मूळची अमेरिका खंडांतील उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांची. दक्षिण अमेरिकेंत अर्जेंटिनाच्या उत्तर भागापासून मध्य अमेरिका, मेक्सिको व कॅरिबियन समुद्रांतील बेटें येथवर ती बाराही महिने नांदते. मका हें पीकही मूळचें त्याच मुलुखांतील, मेक्सिकोच्या दक्षिण भागांतलें. म्हणजे पीक व कीड ह्यांचा शेजार फार जुना आहे.

संयुक्त संस्थानांत तिचें कायमचें ठाणें फार थोड्या जागेंत आहे : फ्लोरिडाचा दक्षिण भाग व टेक्सासचा दक्षिण भाग. ह्याचें कारण तिच्या शरीरधर्मांत आहे. पुष्कळ किडी थंडींत निद्रावस्थेंत जातात आणि वसंतांत जाग्या होतात. ह्या किडीस ती निद्रा ठाऊक नाहीं. जमीन गोठली म्हणजे तिचे कोष मरतात. त्यामुळें ज्या रेषेच्या उत्तरेस कडक हिंव पडतें, त्या रेषेच्या पलीकडील तिची सर्व प्रजा दर हिंवाळ्यांत नष्ट होते. असें असूनही दर वर्षीं ती कॅनडांतील ऑन्टारिओ व क्वेबेक प्रांतांपर्यंत पोंचते. हें कसें ?

ह्याचें उत्तर वाऱ्यांत आहे. वसंत सुरूं होतांच दक्षिणेंतील पतंग रात्रीं उंच उठतात व उत्तरेकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर स्वार होतात. वाटेंत जेथें उतरतील तेथें अंडीं घालतात, महिन्याभरांत नवे पतंग तयार होतात, आणि ते आणखी उत्तरेस जातात. ही जणूं टपाल्यांची बदली आहे. एक पिढी एक टप्पा गांठते व पुढचा टप्पा दुसऱ्या पिढीवर सोंपविते. एका नोंदलेल्या प्रसंगीं मिसिसिपी संस्थानांतून निघालेले पतंग तीस तासांत सुमारें हजार मैल, म्हणजे १६०० किलोमीटर, जाऊन कॅनडाच्या दक्षिण भागांत उतरल्याचें शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलें.

जसजसें उत्तरेस जावें तसतशा वर्षांतील पिढ्या कमी होतात. लुइझियानांत चार, दक्षिण कॅरोलिनांत तीन, कॅन्ससमध्यें एक-दोन, आणि मिनेसोटा व न्यूयॉर्क येथें ऑगस्टपर्यंत पतंगच दिसत नसल्यामुळें एकच. पतंगांच्या आनुवंशिक खुणा तपासून शास्त्रज्ञांनीं ह्या प्रवासाच्या दोन मुख्य वाटाही ठरविल्या आहेत. टेक्सासचे पतंग मधल्या सपाट मैदानांतून उत्तरेस जातात. फ्लोरिडाचे पूर्व किनाऱ्याच्या बाजूनें जातात. आणि मधली अ‍ॅपलेशियन पर्वतांची रांग दोघांमध्यें बांधाप्रमाणें उभी राहते. ह्यामुळें उत्तरेकडील शेतकऱ्यास आपल्याकडे येणारी धाड कोणत्या दिशेनें यावयाची, आणि त्या दक्षिणेकडील भागांत हिंवाळा कसा गेला, हें पाहून अगोदर सावध होतां येतें.

अशा धाडी तेथें मधूनमधून फार मोठ्या होतात. १९१२ सालची धाड तेथील शेतकी खात्याच्या दप्तरांत प्रसिद्ध आहे. अलीकडे २०२१ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस ओहायो व आसपासच्या संस्थानांत गवताचीं कुरणें, लसूणघास व घरांपुढील हिरवळी एका रात्रींत तपकिरी झाल्याच्या तक्रारी गांवोगांव आल्या. परंतु अशा वर्षींही तेथील शेतकऱ्यास एक आधार असतो. हिंव पडलें कीं संकट आपोआप निवारतें.

एकच रूप, दोन घराणीं

ह्या किडीच्या ओळखींतील आणखी एक गुंता सांगितला पाहिजे. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकन संशोधकांच्या असें नजरेस आलें कीं, दिसण्यांत तिळमात्र फरक नसलेल्या ह्या पतंगांचीं दोन घराणीं आहेत. एक मका, ज्वारी व कापूस ह्यांवर अधिक आढळतें, त्यास मक्याचें घराणें म्हणतात. दुसरें भात व हरळीसारखीं गवतें ह्यांवर अधिक आढळतें, त्यास भाताचें घराणें म्हणतात. डोळ्यांनीं हीं दोन निराळीं काढतां येत नाहींत. प्रयोगशाळेंतील आनुवंशिक परीक्षेनेंच तीं कळतात. ह्या किडीच्या खाद्य वनस्पतींची यादी केली असतां ती साडेतीनशेंहून अधिक झाली आहे. तथापि यादी लांब आहे म्हणून सर्व पिकें सारखींच धोक्यांत आहेत असें समजूं नये. गवताच्या कुळांतील पिकें, आणि त्यांतही मका, हेंच तिचें आवडीचें खाद्य होय.

समुद्रापलीकडे

सन २०१६ पर्यंत ही कीड अमेरिका खंडाबाहेर स्थायिक झालेली नव्हती. त्या वर्षाच्या आरंभीं ती पश्चिम आफ्रिकेंत नायजेरिया, बेनिन, टोगो ह्या देशांत मक्यावर आढळली, आणि दोन वर्षांत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बहुतेक सर्व आफ्रिकेंत पसरली. मे २०१८ मध्यें ती कर्नाटकांत शिवमोग्गा येथील मक्यावर सांपडली. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत सोलापूर व आसपासच्या भागांत मक्यावर आणि पुढें उसावरही दिसूं लागली. २०१९ च्या वसंतांत तिनें मिझोरामच्या डोंगराळ शेतांत मोठा उच्छाद मांडला. चीनच्या युन्नान प्रांतांत ती २०१९ च्या आरंभीं, जपानांत त्याच वर्षाच्या जुलैंत व ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोंकास २०२० च्या आरंभीं पोंचली. मूळ घर सोडल्यापासून चार वर्षांत एवढा प्रवास झाला.

चीनमध्यें आतां उत्तर अमेरिकेचाच प्रकार चालतो. दक्षिणेंत ती हिंवाळा काढते, व दर वसंतांत उत्तरेकडील मक्याच्या मैदानांकडे निघते. आपली गोष्ट मात्र निराळी आहे.

आपल्याकडे ह्याचा अर्थ काय

महाराष्ट्रांत जमीन गोठत नाहीं. कोष मारणारें हिंव आपल्याकडे पडत नाहीं. शिवाय मका खरिपांत आहे, रब्बींत आहे, चाऱ्यासाठीं पाण्यावर उन्हाळ्यांतही आहे. जोडीस ज्वारी व ऊस आहे. म्हणजे मिनेसोटांतील शेतकऱ्याच्या घरीं जी महिना-दोन महिन्यांची पाहुणी, ती आपल्या घरीं फ्लोरिडाप्रमाणें बारमाही कूळ होऊन बसली आहे. तेथें निसर्ग दर वर्षीं तिची पाटी कोरी करतो. येथें तें काम आपणांसच केलें पाहिजे. अमेरिकेंतील उपाय जसेच्या तसे उचलून चालणार नाहीं, ह्याचें कारण हेंच.

ह्या मुलुखाच्या ज्ञानांतून चार गोष्टी आपोआप निघतात. पहिली, गांवांतील मक्याची पेरणी शक्यतों एकाच वेळीं व्हावी. पुढेंमागें पेरलेल्या शेतांत अळीस एका शेतांतून दुसऱ्यांत सरकण्यास बारमाही वाट मिळते, आणि सर्वांत उशिरां पेरणाराचें शेत सर्वांचा भार सोसतें. दुसरी, पीक निघाल्यावर खोल नांगरट करून कोष उन्हांत व पक्ष्यांपुढें आणावे. कोष एक ते तीन इंचांवरच असल्यामुळें हें साधतें. आपल्याकडील ऊन हेंच आपलें हिंव समजावें. तिसरी, पेरणीबरोबरच कामगंध सापळे लावावे व उगवणीपासून आठवड्यांतून दोनदां शेतांतून नागमोडी चालत जाऊन रोपें पाहावीं. अंड्यांचे पुंजके दिसतील तेथें हातानेंच चिरडावे. एक पुंजका चिरडला म्हणजे शेंदीडशें अळ्यांची फवारणी वांचली. चौथी, फवारणी करावीच लागली तर ती अळी लहान असतांना व पोंग्यांत औषध पोंचेल अशा रीतीनें करावी. मोठी अळी पोंग्यांत विष्ठेच्या बुचाखालीं बसते. वरून पानें भिजविलीं तरी तिला त्याचा उपसर्ग होत नाहीं. औषधाचें नांव व प्रमाण आपल्या भागांतील कृषि विद्यापीठाच्या चालू शिफारशीवरून घ्यावें, आणि एकच औषध पुनःपुन्हा वापरूं नये. पोर्टो रिको बेटांत अळीस मारणारा गुण आनुवंशिक रीतीनें घातलेला मका लावला असतां, कांहीं वर्षांतच म्हणजे २००६ च्या सुमारास, ही अळी त्यास पचवूं लागली, हें उदाहरण पुढें आहे. चाऱ्याच्या मक्यावर फवारल्यास वेष्टनावर सांगितलेली मुदत संपल्याखेरीज तो जनावरांस घालूं नये.

आपले मित्रही विसरूं नयेत. अंड्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, शेतांतील पक्षी, आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत अळीवर वाढून तिला पांढरट-हिरवी करून मारणारी बुरशी हीं सर्व आपल्या बाजूनें काम करतात. पानावर ताठ होऊन पडलेली, पीठ लागल्यासारखी मेलेली अळी दिसली तर ती उचलून फेंकूं नये. तिच्यापासूनच रोग दुसऱ्या अळ्यांस लागतो. ओळख न पटवितां केलेली सरसकट फवारणी ह्या मित्रांस आधीं मारते.

एका एकरांतील मक्याचा पोंगा उकलून अळी तळहातावर घेणें, तिच्या डोक्यावरील फांटा व शेपटीजवळचा चौरस पाहणें, ह्यास पांच मिनिटें पुरतात. दोन खुणा जुळल्या तर वरील मार्गानें जावें. न जुळल्या तर ती अळी बाटलींत घालून जाणत्यास दाखवावी व तोंवर पैसे गांठीस ठेवावे. गांवांतील पांच-दहा शेतकऱ्यांनीं मिळून सापळ्यांतील नरांची आठवडेवार मोजणी एका वहींत लिहून ठेवली, तर दोन वर्षांत आपल्या गांवीं ही कीड केव्हां वाढते व केव्हां ओसरते हें आपल्याच कागदावर दिसूं लागेल. अमेरिकेंतील शेतकऱ्यांस तिच्या येण्याजाण्याच्या वाटा ठाऊक झाल्या त्या अशाच ठिकठिकाणच्या नोंदींवरून. आपल्या गांवची नोंद आपल्याशिवाय दुसरें कोण ठेवणार ?